एसटी कोणाची, सवलत कोणाला, तक्रार कुठे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एसटीने प्रवास करणारे, पाल्याचा पास काढणारे, आजीला एकटीला गाडीत बसवून देणारे आणि गावाला फेरी मिळावी म्हणून अर्ज घेऊन फिरणारे अशा सगळ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला एसटी नेमकी कोणाची हे पाहू. ते एकदा कळलं की सवलत कुठे थांबते आणि दाद कुठे मागायची, हेही सोपं होतं. एकाच गोष्टीची दोनदा उत्तरं देण्याऐवजी संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. एसटी म्हणजे सरकारी खातं की कंपनी?

दोन्ही नाही. एसटी हे कायद्याने स्थापन झालेलं महामंडळ आहे. पूर्ण नाव महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ. त्याचा आधार म्हणजे केंद्राचा १९५० चा मार्ग परिवहन महामंडळ कायदा. या कायद्याखालील महामंडळात राज्य आणि केंद्र दोघांचं भांडवल असू शकतं. एसटीत राज्याचा वाटा मोठा आहे, आणि कारभार राज्याच्या परिवहन विभागाच्या देखरेखीखाली चालतो. मुख्यालय मुंबई सेंट्रलला. त्याखाली प्रदेश, मग विभाग, मग आगार. विभाग ३१ आहेत आणि आगारं अडीचशेच्या आसपास. तुमच्या रोजच्या कामाचा माणूस म्हणजे आगार व्यवस्थापक, आणि त्याच्यावर विभाग नियंत्रक.

याच कायद्यातली दोन कलमं लक्षात ठेवण्यासारखी आहेत. कलम २२ सांगतं की महामंडळाने व्यवसायाच्या तत्त्वावर काम करावं. कलम ३४ सांगतं की राज्य सरकार महामंडळाला निर्देश देऊ शकतं. तोट्यातली फेरी चालवायची की बंद करायची, अमुक गटाला सवलत द्यायची की नाही, असे एसटीचे जवळजवळ सगळे वाद या दोन कलमांच्या मधल्या जागेत घडतात.

२. वीज मंडळासारखी एसटी आणि एमटीडीसी यांचीही एखादी सरकारी होल्डिंग कंपनी आहे का?

नाही. वीज मंडळाचं २००५ मध्ये विभाजन झालं. महावितरण, महापारेषण आणि महानिर्मिती अशा कंपन्या झाल्या आणि त्यांच्यावर सूत्रधारी, म्हणजे त्यांची मालकी ठेवणारी होल्डिंग कंपनी आली. प्रवास आणि पर्यटनात महाराष्ट्राने तसं केलेलं नाही. एसटी परिवहन विभागाकडे आहे. एमटीडीसी, म्हणजे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ, पर्यटन विभागाकडे आहे. नावात दोन्हीकडे 'महामंडळ' असलं तरी एमटीडीसी ही कंपनी कायद्याखाली जानेवारी १९७५ मध्ये नोंदलेली, पूर्णपणे राज्य सरकारच्या मालकीची कंपनी आहे.

शेजारच्या गोव्यात बससुद्धा कंपनीच चालवते. कदंब परिवहन महामंडळ ही १९८० साली स्थापन झालेली गोवा सरकारची कंपनी आहे, आणि गोवा पर्यटन विकास महामंडळ वेगळं. कर्नाटकात तर एका महामंडळाची चार झाली. त्यामुळे 'सरकारी बस' एवढ्यावरून नियम सारखे असतील असं धरू नका. सीमेजवळ राहणाऱ्यांनी प्रश्न १० जरूर वाचावा.

३. पहिली एसटी कुठून कुठे धावली? आणि मराठवाड्यात त्याआधीपासून सरकारी बस होती हे खरं का?

पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आता अहिल्यानगर) धावली. लाकडी बॉडीची, तीस आसनांची बेडफोर्ड. तिकीट अडीच रुपये. तेव्हा मुंबई राज्य होतं. १९५० चा कायदा आल्यावर मुंबई राज्याचं महामंडळ झालं, आणि १ मे १९६० नंतर गुजरातचं वेगळं होऊन आजचं महामंडळ उभं राहिलं.

मराठवाड्याचंही खरं आहे. निजामाच्या राज्यात रेल्वेच्या जोडीने मार्ग परिवहन खातं १९३२ मध्येच सुरू झालं होतं. विदर्भात मध्य प्रांताची स्वतःची सेवा होती. राज्य पुनर्रचनेनंतर या दोन्ही भागांतल्या सेवा एसटीत आल्या. म्हणजे आजची एसटी तीन वेगवेगळ्या राजवटींच्या बससेवा जोडून झालेली आहे, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांना सहसा माहीत नसतं.

बरोबर ७४ वर्षांनी, १ जून २०२२ रोजी, एसटीची पहिली विजेवरची 'शिवाई' त्याच पुणे–नगर मार्गावर सोडण्यात आली.

४. पीएमपी, बेस्ट, टीएमटी या एसटीच्याच आहेत ना? पास चालेल?

नाही, आणि चालणार नाही. बेस्ट हा मुंबई महापालिकेचा उपक्रम आहे. पीएमपी ही पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांची कंपनी आहे. ठाणे (टीएमटी), नवी मुंबई, नाशिक इथेही पालिकांची आपापली व्यवस्था आहे. राज्य सरकारने एसटीसाठी जाहीर केलेली सवलत या बसमध्ये आपोआप लागू होत नाही.

५. लालपरी, हिरकणी, एशियाड, शिवशाही, शिवनेरी, शिवाई... तिकीट काढताना काय फरक पडतो?

भाड्याचा दर बदलतो. लाल रंगाची साधी किंवा जलद गाडी सर्वांत स्वस्त. हिरवी-पांढरी हिरकणी निमआराम. जुनी माणसं तिला अजून एशियाडच म्हणतात, कारण १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई स्पर्धांसाठी वापरलेल्या बस नंतर एसटीत आल्या, तिथून ते नाव पडलं. शिवशाही वातानुकूलित, २०१७ पासून. शिवनेरी ही वातानुकूलित आरामगाडी २००२ मध्ये दादर–पुणे मार्गावर आली. शिवाई विजेवर चालते.

काही शिवशाही आणि विजेच्या गाड्या भाडेतत्त्वावर आहेत: गाडी आणि चालक कंत्राटदाराचे, तिकीट आणि वाहक एसटीचे. प्रवासी म्हणून तुमचा करार एसटीशीच आहे. 'गाडी खासगी आहे, आम्हाला विचारू नका' असं कोणी सांगितलं तर ते मान्य करू नका.

एक वेगळा प्रकार म्हणजे विनावाहक गाडी. हिच्यात वाहक नसतो, तिकीट स्थानकावर किंवा ठरलेल्या थांब्यावरच मिळतं. वाटेत हात दाखवून ती थांबत नाही, त्याबद्दल चालकाशी वाद घालण्यात अर्थ नाही.

६. भाडं किलोमीटरवर ठरतं का? मग माझा थांबा दोनच किलोमीटरवर असून एवढं तिकीट कसं?

भाडं टप्प्यावर ठरतं आणि एक टप्पा ६ किलोमीटरचा असतो. तुम्ही टप्प्याच्या मध्येच उतरलात तरी भाडं पूर्ण टप्प्याचं. २५ जानेवारी २०२५ पासून १४.९५ टक्के भाडेवाढ झाली, तेव्हा साध्या गाडीचा एका टप्प्याचा दर ८ रुपये ७० पैशांवरून १० रुपये ५ पैसे झाला. भाडेवाढ एसटी स्वतःच्या मर्जीने करू शकत नाही, तिला राज्य परिवहन प्राधिकरणाची मंजुरी लागते.

तिकिटात आणखी एक रुपया असतो तो अपघात सहायता निधीचा. १ एप्रिल २०१६ पासून तो घेतला जातो आणि अपघातात प्रवाशाचा मृत्यू झाला तर वारसांना १० लाख रुपयांपर्यंत मदत त्यातून मिळते. म्हणून तिकीट जपून ठेवा. तुम्ही त्या गाडीत होतात याचा तो पुरावा आहे.

सुट्ट्या पैशांवरून रोज वाद होतात. बहुतेक वाहकांकडच्या मशीनवर आता यूपीआय चालतं. घाटात किंवा रेंज नसलेल्या गावात ते अडतं, तेव्हा थोडी चिल्लर खिशात असलेली बरी.

७. महिलांना अर्धं तिकीट आहे ना? मग माझ्याकडून अर्ध्यापेक्षा जास्त का घेतले?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. महिला सन्मान योजना १७ मार्च २०२३ पासून लागू आहे आणि साध्या गाडीपासून शिवनेरीपर्यंत सगळीकडे चालते. पण सूट आहे ती मूळ प्रवासभाड्यावर. अपघात निधीचा रुपया (प्रश्न ६) वेगळा लागतो. वातानुकूलित गाडीत वस्तू व सेवा कर वेगळा, आणि आगाऊ जागा राखून ठेवली तर आरक्षण शुल्क वेगळं. समजा साध्या गाडीचं मूळ भाडं १०० रुपये आहे. मग महिलेचं तिकीट ५१ रुपये होईल, ५० नाही. शिवनेरीत हा फरक आणखी दिसतो, कारण तिथे करही आहे आणि आरक्षणही बहुधा आधी केलेलं असतं.

तिकिटावर सवलतीचा प्रकार छापलेला असतो. गाडीतून उतरण्याआधी तो वाचा. गर्दीत वाहकाकडून पूर्ण तिकीट निघालं असेल तर लगेच सांगितल्यावर दुरुस्ती होते. घरी गेल्यावर ते काम फार लांबतं.

ही सवलत एसटीच्या शहरी वाहतुकीला लागू नाही.

८. आमच्या आजोबांना पंचाहत्तरावं लागलं. त्यांना फुकट प्रवास आहे का? पुरावा कोणता?

पंचाहत्तरावं लागून चालत नाही, ७५ वर्षं पूर्ण व्हावी लागतात. अमृत ज्येष्ठ नागरिक योजना २६ ऑगस्ट २०२२ पासून सुरू आहे आणि त्यात ७५ वर्षांवरील नागरिकांना सर्व प्रकारच्या गाड्यांत मोफत प्रवास आहे. ६५ ते ७५ या वयात अर्धं भाडं. तुमचे आजोबा सध्या दुसऱ्या गटात आहेत.

पुरावा म्हणून आधार, मतदार ओळखपत्र, वाहन चालवण्याचा परवाना, पासपोर्ट, पॅन यांपैकी काहीही चालतं. मोबाइलमधलं डिजिलॉकर किंवा एम-आधारही चालतं. अडचण येते ती जुन्या आधार कार्डांची. त्यावर फक्त जन्माचं वर्ष छापलेलं असतं, तारीख नसते, आणि ज्या वर्षी पंचाहत्तरी पूर्ण होते त्या वर्षभर वाहकाशी हुज्जत होते. अशांनी पूर्ण जन्मतारीख असलेलं दुसरं ओळखपत्र जवळ ठेवावं किंवा आधार दुरुस्त करून घ्यावं.

एक मनापासून विनंती. मोफत प्रवास असला तरी वाहक शून्य रकमेचं तिकीट देतो. ते मागून घ्या. अनेक आजी-आजोबा 'राहू दे बाळा, कागद कशाला' म्हणतात. पण त्या तिकिटाची नोंद मशीनमध्ये झाली तरच महामंडळाला त्या प्रवासाचे पैसे शासनाकडे मागता येतात (प्रश्न १८). शिवाय तिकीट नसेल तर तपासणी पथकासमोर वाहक अडचणीत येतो.

९. मी महिला आहे, ६८ वर्षांची आहे आणि दिव्यांगही आहे. तीनही सवलती मिळून तिकीट माफ होईल का?

सवलतींची बेरीज होत नाही. एका प्रवासाला एकच सवलत. तेव्हा जी जास्त फायद्याची तीच मागा. दिव्यांगांना साध्या आणि निमआराम गाड्यांत ७५ टक्के सवलत आहे. ती महिला किंवा ज्येष्ठ सवलतीपेक्षा जास्त असल्यामुळे तुम्ही दिव्यांग ओळखपत्र दाखवावं. वाहक बहुतेकदा नुसतं पाहून महिला सवलतीचं बटण दाबतो, म्हणून तिकीट काढण्याआधीच सांगा.

लहान मुलांचंही असंच. पाच वर्षांखालील मुलांना तिकीट नाही, ५ ते १२ वयाला अर्धं. सात वर्षांच्या मुलीला 'मुलगी म्हणून अर्धं आणि वय कमी म्हणून त्याचंही अर्धं' असं होत नाही.

१०. कोल्हापूरहून बेळगावला जाताना अर्धंच तिकीट का नाही लागलं? आणि परत येताना कर्नाटकच्या बसमध्ये तर पूर्ण घेतलं!

राज्य शासनाच्या सवलती महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत असतात. कोल्हापूर–बेळगाव गाडीत कागलजवळच्या सीमेपर्यंत अर्धं आणि तिथून पुढे पूर्ण, अशी बेरीज होऊन तिकीट निघतं. सावंतवाडी–पणजी, सोलापूर–विजयपूर, नांदेड–हैदराबाद या मार्गांवरही हेच. ७५ वर्षांवरच्यांनाही सीमेपलीकडचं भाडं द्यावं लागतं, आणि ओळखपत्र दाखवूनही पैसे मागितले म्हणून पुष्कळांना वाईट वाटतं. वाहक तिथे नियमानेच वागत असतो.

परतीच्या गाडीचं वेगळं. महाराष्ट्राची सवलत ही एसटीच्या गाडीतली सवलत आहे. कर्नाटकची किंवा गोव्याची कदंब बस कोल्हापूर-सिंधुदुर्गात धावत असली तरी तिला ती लागू नाही. उलट बाजूने, कर्नाटकातली ११ जून २०२३ पासूनची महिलांच्या मोफत प्रवासाची शक्ती योजना फक्त कर्नाटकच्या रहिवासी महिलांसाठी आहे आणि राज्यांतर्गत प्रवासालाच आहे. बेळगावात नातेवाईक आहेत एवढ्यावर ती मिळत नाही, तिथला रहिवासी पुरावा लागतो. सीमेवरच्या गावांतल्या महिलांनी म्हणूनच गाडीची पाटी पाहताना गाडी कोणाची आहे हेही पाहावं. त्याच मार्गावर अर्ध्या तासाच्या अंतराने दोन्ही राज्यांच्या गाड्या असतात आणि तिकिटात चांगलाच फरक पडतो.

११. रोज नोकरीला ये-जा आहे. पास परवडतो का? मुलीच्या शाळेच्या पासाचं काय?

मासिक पासात २० दिवसांचं जाण्या-येण्याचं भाडं भरून ३० दिवस प्रवास करता येतो, त्रैमासिकात ५० दिवसांचं भरून ९० दिवस. महिना-दोन महिने सलग रजा नसेल तर त्रैमासिक चांगला. महिलांनी मात्र आधी गणित करावं. अर्ध्या तिकिटावर महिनाभराचा खर्च किती होतो आणि पासाला किती लागतात, ते आगारात विचारून मगच ठरवावं.

विद्यार्थ्यांना मासिक पासात दोन तृतीयांश सवलत आहे. मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत मिळतो. अलीकडे जून महिन्यात एसटीचे कर्मचारी शाळा-कॉलेजात येऊन पास देतात, त्यासाठी शाळेने यादी आधी आगाराला द्यावी लागते. तुमच्या शाळेत कोणी आलं नसेल तर पहिल्यांदा मुख्याध्यापकांना विचारा की यादी गेली का.

१२. 'आवडेल तेथे प्रवास' पास अजून आहे का? त्यावर दुसऱ्या राज्यात जाता येतं?

आहे. १९८८ पासून चालू असलेली ही योजना एसटीतली सर्वांत देखणी योजना आहे असं माझं मत आहे, आणि ती पुरेशी वापरली जात नाही याचं वाईट वाटतं. पास चार दिवसांचा आणि सात दिवसांचा मिळतो. साध्या गाड्यांचा वेगळा, शिवशाहीचा वेगळा. एसटीची गाडी जिथे जाते तिथे तो चालतो, म्हणून एसटीच्याच आंतरराज्य गाडीतही चालतो. पण शिवशाहीच्या पासावर साध्या गाडीत बसता येतं, साध्याच्या पासावर शिवशाहीत नाही.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. पासामुळे जागेची खात्री मिळत नाही, लांबच्या पल्ल्याला आरक्षण वेगळं करावं. आणि शेवटच्या दिवशी मध्यरात्रीपर्यंतच पास चालतो. त्या रात्री दहाच्या गाडीत बसून पहाटे पोहोचणार असाल तर बारानंतरच्या प्रवासाचं तिकीट काढावं लागतं. सात दिवसांचा पास घेताना परतीची गाडी दिवसाची धरली की हा घोळ होत नाही.

कोल्हापूर, पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर अशी फेरी करणारे भाविक हा पास सर्वांत चांगला वापरतात. कोकणात हर्णै, गुहागर, गणपतीपुळे असं उतरत जाणाऱ्यांनाही तो उत्तम.

१३. एसटीने जाऊन एमटीडीसीच्या निवासात राहता येईल अशी एकत्र तिकीट-खोली योजना आहे का?

दोन्ही संस्था वेगळ्या असल्यामुळे (प्रश्न २) आरक्षणही वेगवेगळं करायचं. पण ठिकाणं जुळतात. गणपतीपुळे, तारकर्ली, महाबळेश्वर, भंडारदरा, चिखलदरा, लोणार इथे एमटीडीसीची निवासं आहेत आणि एसटी तिथे किंवा अगदी जवळ पोहोचते. आधी परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ बघा, मग खोली घ्या. भंडारदरा, चिखलदऱ्यासारख्या ठिकाणी संध्याकाळनंतर गाडी मिळणं कठीण.

अजिंठ्याला दोन्हींची प्रत्यक्ष गाठ पडते. लेण्यांना धूर लागू नये म्हणून खासगी गाड्या फर्दापूरच्या तिठ्यावर थांबवतात आणि शेवटचे सुमारे चार किलोमीटर एसटीच्या बसनेच जावं लागतं.

डेक्कन ओडिसी ही आलिशान रेल्वे एमटीडीसी आणि भारतीय रेल्वेची. २००४ मध्ये सुरू झाली. एसटीचा तिच्याशी संबंध नाही.

१४. गाडी वाटेत बंद पडली. पुढचं तिकीट पुन्हा काढायचं का?

नाही. त्याच तिकिटावर मागून येणाऱ्या एसटीत बसवून देणं ही वाहकाची जबाबदारी आहे. मागून आलेली गाडी वरच्या दर्जाची, अगदी शिवशाही किंवा शिवनेरी असली तरी फरक घ्यायचा नाही. मूळ वाहक तुमच्या तिकिटाची नोंद करून दुसऱ्या वाहकाच्या हवाली करतो. कंटाळून स्वतःच वडापमध्ये, म्हणजे खासगी जीपमध्ये, बसून पुढे गेलात तर मात्र पैसे परत मिळणं अवघड. वृद्ध आणि लेकुरवाळ्यांना आधी पाठवा असं चारचौघांत मोठ्याने म्हटलं की वाहकालाही बळ येतं.

१५. गाडीचा नंबर एमएच-१४ होता. म्हणजे तक्रार पुण्याला करायची का?

नाही, आणि या गैरसमजापायी शेकडो तक्रारी चुकीच्या जागी जातात. एसटीच्या मोठ्या कार्यशाळा तीन: पुण्याजवळ दापोडी, छत्रपती संभाजीनगरला चिकलठाणा आणि नागपूरला हिंगणा. बॉडी जिथे बांधली तिथे गाडीची नोंदणी होते. म्हणून एमएच-१४ बीटी दापोडीची, एमएच-२० बीएल चिकलठाण्याची, एमएच-४० एन हिंगण्याची. अशी गाडी मग राज्यात कुठल्याही आगाराला जाते. हिंगण्यात बांधलेली गाडी सिंधुदुर्गात धावताना दिसेल.

आगार कळतं ते गाडीवर लिहिलेल्या आगाराच्या नावावरून आणि तुमच्या तिकिटावरून. तक्रारीत तिकीट क्रमांक, गाडी क्रमांक, मार्ग, तारीख आणि वेळ लिहा. 'वाहक उद्धट बोलला' एवढंच लिहिलं तर चौकशी पुढे सरकत नाही. 'सकाळी ७.१० च्या गाडीत, अमुक थांब्यावर हात दाखवूनही गाडी थांबवली नाही' असं लिहिलं की आगारातल्या नोंदीशी पडताळता येतं. आधी आगार व्यवस्थापक, उत्तर नाही आलं तर विभाग नियंत्रक. एसटी सार्वजनिक प्राधिकरण असल्यामुळे माहितीचा अधिकार लागू होतो. आपल्या तक्रारीवर काय कारवाई झाली हे त्यातून विचारता येतं.

१६. आमच्या गावाला एसटी येत नाही. किंवा होती, ती बंद झाली. काय करायचं?

ग्रामसभेचा किंवा ग्रामपंचायतीचा ठराव करा आणि आगार व्यवस्थापकांना अर्जासोबत द्या, प्रत विभाग नियंत्रकांना. नुसतं 'एसटी सुरू करा' न लिहिता आकडे द्या: किती मुलं कोणत्या शाळेत जातात, शाळा किती वाजता भरते आणि सुटते, आठवडी बाजार कोणता, वाटेत कोणती गावं, रोज अंदाजे किती जण जातील. एसटी मार्गाची पाहणी करते. रस्त्याची रुंदी, पुलाची ताकद, झाडांच्या फांद्या, विजेच्या लोंबत्या तारा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गाडी वळवायला जागा. पुष्कळ अर्ज या वळणाच्या जागेवर अडतात. मंदिरापुढचं किंवा शाळेचं पटांगण गाडी वळायला मोकळं ठेवतो असा ठराव सोबत दिला तर काम हलकं होतं.

मुक्कामी गाडी हवी असेल तर चालक-वाहकाच्या झोपण्याची, पाण्याची आणि शौचालयाची सोय गावाने दाखवावी. अजूनही कित्येक गावांत ही दोन माणसं गाडीतच सीटवर पाय मुडपून रात्र काढतात आणि पहाटे त्याच गाडीने तालुक्याला निघतात. त्याच गाडीवर कॉलेजची मुलं, दवाखान्यात जाणारे, भाजीची पोती असतात. ती गाडी टिकवायची तर त्या दोघांची रात्र नीट गेली पाहिजे.

बंद झालेली फेरी परत मिळवताना उत्पन्नाचं कारण पुढे येतं. तेव्हा शाळेची मुलं किती अवलंबून आहेत हा मुद्दा धरून ठेवा. शिक्षणासाठी फेरी लागते हे लेखी मांडलेले अर्ज इतरांपेक्षा लवकर हलतात.

१७. लग्नाला किंवा वारीला अख्खी एसटी हवी आहे. त्यात बायकांना अर्धं तिकीट लागेल का?

हे दोन वेगळे प्रकार आहेत. लग्नासाठी गाडी घेणं म्हणजे प्रासंगिक करार. तिथे संपूर्ण गाडीचं भाडं ठरतं, माणशी तिकीट नसतं, म्हणून सवलत लावायला जागाच नाही. आषाढीला गावातून ४० किंवा जास्त प्रवासी जमले तर गावातून थेट पंढरपूरला गाडी मिळते, ती तिकिटावर असते. तिथे महिला आणि ज्येष्ठांच्या सवलती लागू होतात. गणपतीला मुंबईहून कोकणात जाणाऱ्या सामूहिक आरक्षणाच्या गाड्याही तिकिटावरच्या. अर्ज करताना 'करार' की 'सामूहिक आरक्षण' हे स्पष्ट लिहा.

१८. एवढ्या सवलती दिल्यामुळेच एसटी तोट्यात आहे ना?

सवलतीची रक्कम शासनाने महामंडळाला भरून द्यायची असते. तिला सवलत मूल्य प्रतिपूर्ती म्हणतात. ती पूर्ण आणि वेळेवर मिळाली तर महिला किंवा ज्येष्ठ प्रवासी एसटीला तोट्यात घालत नाहीत, उलट भरलेली गाडी मिळते. पैसे उशिरा आले की पगार, डिझेल, सुटे भाग सगळंच लांबतं. २०२५ मध्ये शासनाने काढलेल्या श्वेतपत्रिकेत एसटीचा संचित तोटा १० हजार कोटींच्या वर दाखवला आहे. त्यात कोरोनाची दोन वर्षं आणि लांबलेला संप (प्रश्न १९) यांचा मोठा भाग आहे. आजीच्या शून्य तिकिटाला दोष देणं मला पटत नाही. सवलत जाहीर करणाऱ्याने तिचे पैसे वेळेवर द्यावेत, एवढी साधी अपेक्षा आहे.

१९. चालक-वाहक सरकारी नोकर आहेत का? संपाचं पुढे काय झालं?

ते महामंडळाचे कर्मचारी आहेत, राज्य सरकारचे नाहीत. प्रश्न १ मधल्या रचनेचा हा थेट परिणाम. सरकारी नोकरांच्या बरोबरीने पगार आणि हमी मिळावी म्हणून ऑक्टोबर २०२१ च्या शेवटी सुरू झालेल्या संपाची मुख्य मागणी हीच होती की महामंडळाचं शासनात विलीनीकरण करा. न्यायालयाच्या सांगण्यावरून नेमलेल्या समितीने विलीनीकरण शक्य नसल्याचा अहवाल दिला. उच्च न्यायालयाने कर्मचाऱ्यांना २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर येण्यास सांगितलं आणि गाड्या पुन्हा रस्त्यावर आल्या. पगारात वाढ झाली, विलीनीकरण झालं नाही.

२०. दिवाळीत खासगी ट्रॅव्हल्सने दुप्पट-तिप्पट भाडं घेतलं. याचा एसटीशी काय संबंध?

थेट संबंध आहे. राज्य सरकारच्या एप्रिल २०१८ च्या निर्णयाप्रमाणे खासगी कंत्राटी बसचं भाडं त्याच दर्जाच्या एसटीच्या प्रति किलोमीटर भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त असता कामा नये. म्हणजे एसटीचं भाडं हीच खासगी गाडीची मोजपट्टी आहे. एसटीच्या तिकिटात शिवशाहीने ६०० रुपये पडत असतील तर तशाच वातानुकूलित आसनी खासगी गाडीला ९०० च्या वर घेता येत नाही.

ही तक्रार एसटीकडे करायची नसते, प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे, म्हणजे आरटीओकडे करायची. तिकिटाचा किंवा ॲपवरच्या बुकिंगचा फोटो, गाडी क्रमांक, प्रवासाची तारीख, आणि त्याच मार्गावरच्या तुलनेच्या एसटीचं भाडं एसटीच्या आरक्षण संकेतस्थळावरून काढून सोबत जोडा. फरक कागदावर दिसला की कार्यालयाला टाळाटाळ करणं कठीण जातं. आसनी गाडीची तुलना शयनयान गाडीशी करू नका, त्या एका कारणावरून अर्ज परत येतो.